कोणत्या बाटलीतली भुकटी?

आज सकाळी दहा चाळीसला मी खडोलीच्या लॅबमध्ये फ्लास्कात इरिडियम टाकणार, तेवढ्यात हात थांबला. आधी टाकलेली पांढरी भुकटी नक्की बरोबर बाटलीतलीच होती का?

मी दहावीच शिकलोय, पण काम समजून घेतो. मित्रांनो, इरिडियम हा धातू रेणूच्या सहा कोपऱ्यांच्या कड्यावर बोरॉन जोडतो. कोणत्या कोपऱ्यावर, ते सोबतची भुकटी ठरवते. आमच्याकडे दोन भुकट्या आहेत, दिसायला अगदी सारख्या. चुकीची पडली तर बोरॉन भलत्याच कोपऱ्यावर बसतो आणि महागडं इरिडियम वाया जातं.

शेजारी काम करणारे धुळ्याचे भाऊ हसले. "टाक ना भो! घरचं कुलूपबी चारदा ओढत असशील तू."

मी टाकलं नाही. लॅबच्या प्रमुख मॅडमना बोलावून खरं ते सांगितलं. आता नोकरी गेली, असंच वाटत होतं.

मॅडम म्हणाल्या, "इरिडियम पडलं नाही ना अजून? मग रडतोस कशाला? वही आण."

बाटली कपाटात परत ठेवताना मी दरवेळी तिचं वजन वहीत लिहितो. भाऊ त्यावरून रोज चिडवतात. आम्ही दोन्ही बाटल्या काट्यावर ठेवल्या. नको होती ती वहीतल्या कालच्या वजनाइतकीच भरली. हवी होती ती बरोबर आजच्या मापाएवढी हलकी झाली होती. मग मी इरिडियम टाकलं.

चार वाजता रिपोर्ट आला. बोरॉन हव्या त्याच कोपऱ्यावर!

सुटताना पाहतो तर भाऊ आपल्या बाटलीचं वजन लिहीत होते. म्हणाले, "बघतोस काय? बस जाईल तुझी."

लोक हसतात तरी तुम्ही सोडत नाही, अशी तुमची कोणती सवय आहे?