कढी फुटली की सून तपासतात

बाभुळगावकडच्या आमच्या घरात कढी फुटली की ताक कोणी तपासत नाही, सून तपासतात. आषाढात वहिनीच्या हातची कढी फुटली. वर पिवळं पाणी, खाली चोथा. आईनं आधी पातेल्यात पाहिलं, मग वहिनीकडे.

"पाळी आली का तुले?"

वहिनी खरं बोलली, हाच तिचा गुन्हा. तेव्हापासून महिन्याचे चार दिवस तिला मागच्या ओसरीत चटई, वेगळं ताट आणि स्वयंपाकघर बंद.

मी यवतमाळात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिणारी, वाटणारी. हे कळल्यावर पेटूनच उठले आणि नवीन पत्रक काढलं. ताकात प्रथिनांचे बारीक कण तरंगत असतात. ते फार तापलं की कण एकमेकांना चिकटतात, पाणी वेगळं होतं. बेसन शिजून फुगतं, कणांच्या मधे उभं राहतं, त्यांना एकत्र येऊ देत नाही. पाळीचा यात कुठंही संबंध नाही, हे मी ठळक अक्षरात छापलं. मी जन्मात कधी कढी केली नव्हती, हे छापलं नाही.

पोळ्याला गठ्ठा घेऊन घरी गेले. पुरणाबरोबर कढी लागतेच आमच्याकडे. वहिनीनं मला मोरीजवळ गाठलं. "ताई, कालच आली. सांगू नका. माहे बाबा जेवाले येऊन राह्यले. त्याईच्या समोर चटईवर बसू का मी?"

आई तिकडे वड्यांचं वाटण फेटत होती. मधेच एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडून पाहायची. बुडाला की पुन्हा फेटायची, तरंगला की हवा पुरेशी शिरली. म्हणजे प्रयोग करणं, पाहणं, मग ठरवणं, सगळं शास्त्र या बाईच्या हातात होतं. फक्त सुनेच्या बाबतीत रजेवर जायचं.

"कढी मी करतो आज," मी म्हटलं. "अन कायले फुटते तेही दाखवतो."

"तू?" आई म्हणाली. "कर माय. आग आम्ही विझवू."

ताकात बेसन कालवलं, गॅसवर चढवलं, पळी फिरवायला लागले. मग प्रथिनांवर आले. दादा दारात उभा राहून ऐकत होता, म्हणून आवाज चढवला. अंधश्रद्धेवर पोचले तेव्हा पळी हातातच होती, पण हवेत. खाली पातेल्यात भसकन उकळी आली आणि ताकाचं पाणी-पाणी झालं.

दादा म्हणाला, "भाषण चांगलं होतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुले बी आली का?"

"नाही."

आईनं ताकाचं मडकं उचलून हुंगलं. मग म्हणाली, "मंग ताकच खराब असन."

मी काही बोलायच्या आत वहिनी उठली. तिनं त्याच मडक्यातलं उरलेलं ताक घेतलं, बेसन माझ्या दुप्पट घातलं, गॅस बारीक केला आणि ढवळत राहिली. कढी जाड झाली, एकसारखी, पिवळीधमक. मग हातातली पळी न थांबवता तिनं सांगितलं, "आई, माहा आज दुसरा दिवस आहे. आषाढात फुटली तेव्हा बेसन कमी पडलं होतं. वाढू का बाबाले?"

दादानं छताकडे पाहिलं. जन्मभर त्याचा तोच पक्ष.

आई पातेल्याजवळ आली. पळी भरून घेतली, वरून धार सोडून पाहिली. धार तुटली नाही. अशी धार ती आयुष्यभर पाहत आली होती आणि तिच्याशी खोटं बोलणं तिला जमत नव्हतं.

"मीठ टाकलं का?"

"नाही. उतरवताना टाकतो."

"टाक मंग. अन वाढ. तुहा बाप येऊन बसला."

चुकलं असं आई म्हणाली नाही, आजतागायत नाही. माझी पत्रकं त्या दिवशी गरम पातेल्याखाली गेली, दहा-बारा एकदम. ओसरीतल्या चटईवर पुढच्या आठवड्यात मूग वाळत घातले होते. वहिनीची पुढची पाळी आली तरी ती चटई मुगाकडेच होती.