यवतमाळचे कोणी प्राध्यापक

एका मुलीनं स्वतः लिहिलेला लेख तिनं चोरला, असं ठरवून मी तिला वीसपैकी शून्य दिलं.

घाईत दिलं असतं तर निदान तोंड लपवता आलं असतं. मी चांगला तासभर विचार करून दिलं. तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवत होतो आणि अमरावतीच्या एका कार्यशाळेतून नुकताच परतलो होतो. कार्यशाळेतून परतलेल्या मास्तरापासून पोरांनी आठ दिवस लांब राहावं. मी बी.ए.च्या वर्गाला फर्मान काढलं : आपल्या भागातल्या विषयावर लेख लिहा, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात टाका आणि हाती लिहिलेली प्रत मला द्या. अंतर्गत परीक्षेचे वीस गुण.

गावात इंटरनेटचे कॉम्प्युटर होते दोन, तेही मोटारपंपाचं वायंडिंग करणाऱ्या एका भाईच्या दुकानात, मागच्या खोलीत. एकतीस पोरांची एकतीस खाती कोण उघडणार? मी भाईला म्हटलं, "एकच खातं उघड, नाव काहीही टाक, सगळ्यांना तेच दे." आणि विसरलो. कापसानं जिल्ह्याला रडवलेली ती वर्षं. वर लोडशेडिंग. कॉलेजच्या वेळात लाइट असायची ती अकरा ते बारा.

कार्यशाळेत शिकवलं होतं : एक वाक्य उचला, इंटरनेटवर शोधा, सापडलं की समजा चोरी. तीस जणांचं काहीच सापडलं नाही. मी खूश. चौदा, पंधरा, एकाला तर सतरा दिले. एकतिसावी प्रत मुकुटबनकडून एस.टी.नं येणाऱ्या मुलीची. माझ्या तासाला ती क्वचितच दिसे. विषय, कापूस वेचणी. दव असताना वेचलेला कापूस वजनात जास्त भरतो, म्हणून मालक ऊन चढल्याशिवाय शेतात शिरू देत नाही. वाळक्या बोंडाची टोकं नखाच्या कडेलाच कशी लागतात. कमरेची ओटी भरली की बाईची वाकण्याची तऱ्हा कशी बदलते. वाक्य शोधलं तर शब्दन् शब्द ज्ञानकोशात! लेखकाच्या जागी 'यवतमाळ प्राध्यापक'.

मला त्या प्राध्यापकाचा हेवाच वाटला. आपल्याच जिल्ह्यात एवढा जाणता माणूस, आणि आपली ओळख नाही! तिच्या प्रतीवर मी लाल शाईनं लिहिलं, 'मूळ लेखकाचा व्यासंग पाहा आणि आपला पाहा.' गुणांची यादी पाकिटात घालून सील केली आणि ऑफिसातल्या बड्या बाबूंकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे, दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रती परत केल्या. दुपारी ती आपली प्रत घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी.

"सर, तो लेख मीच टाकलता."

"मग त्यावर प्राध्यापकाचं नाव कसं?"

"ते नाव भाईनं देलं. सगळ्याइले तेच." मग खाली बघत म्हणाली, "बाबा म्हणते, नापास झाली त कॉलेज बंद. आईसंगं वेचाले चाल."

तिला खोटं पाडायला मी भाईकडे गेलो. तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता.

"हे यवतमाळ प्राध्यापक कोण रे?"

भाई हसायला लागला. "अरे सर, ये तो आपही हो! काही बी नाव टाक, तुमीच बोलले होते ना?"

"आणि बाकीच्या पोरांनी लेख टाकले?"

"एक बी नाही आला. एकच पोरगी आली, रोज आली."

म्हणजे ज्यांनी काम केलंच नाही त्यांचं काही सापडलं नाही, आणि जिनं केलं ती सापडली. यादी पाचच्या गाडीनं शिपायाबरोबर विद्यापीठात जाणार होती.

"सील फोडायला प्राचार्यांची सही लागते," बडे बाबू म्हणाले. "साहेब यवतमाळला गेलेत."

"येतील कधी?"

"आले की येतील. तोवर अर्ज लिहा, कारणासकट."

मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव.' बाबूंनी चष्मा खाली केला. "तांत्रिक म्हणजे नेमकं काय बिघडलं?"

"मी."

"मग तसं लिहा."

लिहिलं. साडेतीन झाले. चार झाले. ती समोरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. गेटवर गाडी वाजली की मी उठायचो आणि कोणाची तरी मोटारसायकल बघून परत बसायचो. शिपायानं पाकीट पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली. एकदा वाटलं, सरळ पिशवीच हिसकावून पळावं. मग वाटलं, पळून जाणार कुठं, अर्जावर तर सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. तिच्या बोटांकडे बघायचं मी टाळत होतो. तिच्या लेखात ती बोटं वाचली होती आणि दुसऱ्याच कोणाची समजलो होतो.

पावणेपाचला साहेब आले. अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. सील फुटलं. शून्यावर काट मारून मी अठरा लिहिले, बाजूला सही केली. नवं सील ओलं असतानाच शिपाई स्टँडकडे पळाला.

जीव भांड्यात पडला. आता मास्तरसारखं काही बोलावं म्हणून मी तिला विचारलं, "छान लिहिलंस. घरचं काम, जाण्यायेण्यात एवढा वेळ, लिहायला वेळ कधी मिळाला?"

"तुमच्या तासाले, सर. लाइट तेवढ्याच वेळ राहे. अन् तासाले बसून तसंही काय भेटत होतं?"