गिरिजाक्कांनी पाडलेली भिंत

गिरिजाक्कांच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा पक्षकार हमखास चिडायचा. बिचारा घरून आपलं गाऱ्हाणं घोकून आलेला असायचा. खुर्चीत टेकून तोंड उघडतो न उघडतो तोच अक्का हात वर करायच्या. "स्वल्प थांबा. आधी समोरच्याची बाजू सांगा. तो तुमच्याबद्दल काय म्हणतो?" मग नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईला नवऱ्याची बाजू सांगावी लागे, भाडेकरूला घरमालकाची. काहीजण तणतणत उठून जात. अक्का त्यांना अडवत नसत. "जाऊ दे," त्या मला म्हणायच्या, "कोर्टात समोरच्याचं ऐकायला लागणारच की. मग इथंच चहा पीत ऐकलेलं काय वाईट?"

मी लग्नानंतर पुण्याहून बंगळुरूला आले. नवऱ्याची आयटीतली नोकरी, सर्जापूर रोडवर नवा फ्लॅट, आणि माझ्याकडे वकिलीची पदवी आणि कन्नडचं शून्य ज्ञान. काम शोधत दिवाणी कोर्टात भटकत होते, तेव्हा व्हरांड्यात काळ्या कोटातली एक ठेंगणी बाई फोनवर बेळगावच्या बहिणीशी वांग्याच्या भाजीवरून मराठीत भांडत होती. फोन संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि मग नोकरी मागितली. "उद्यापासून येतीस काय? मी साडेनऊला येतो," त्या म्हणाल्या. बाईमाणसाच्या तोंडचं ते 'येतो' ऐकून मला हसू फुटलं. "हसतीस काय? आमच्या बेळगावकडं बायका असंच बोलतात," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात तीन जाड फायली ठेवल्या. मॅडम म्हणायचं नाही, अक्का म्हणायचं, एवढी एकच अट होती.

अक्कांचं लग्न झालं नव्हतं. त्याबद्दल विचारलं तर म्हणायच्या, घटस्फोटाच्या इतक्या केसेस चालवल्यावर हिंमत राहिली नाही. निम्मे घटस्फोट त्यांनी कोर्टाबाहेरच्या दर्शिनीत, म्हणजे इडली-कॉफीच्या छोट्या हॉटेलात, मोडून काढले होते. दोघांना समोरासमोर बसवायचं, एकच कॉफी दोन पेल्यांत अर्धी अर्धी मागवायची आणि आपण दूर जाऊन इडली खात बसायचं, ही त्यांची पद्धत. दरवेळी जमायचं असं नाही. एकदा एका नवऱ्याने आपला पेला भिंतीवर फेकला, तेव्हा अक्कांनी दर्शिनीवाल्याची माफी मागितली आणि दुपारीच घटस्फोटाचा अर्ज दाखल केला.

राजकारणात त्या ओढल्या गेल्या. आमच्या भागात एका पक्षाला असा उमेदवार हवा होता, ज्याच्याबद्दल कुणालाच काही वाईट ठाऊक नाही. त्यांनी अक्कांना धरलं. पुढाऱ्यांना वाटलं असावं, बाई साधी आहे, सांगू तिथे सही करेल. पुढाऱ्यांचा अंदाज इतका चुकलेला मी पुन्हा पाहिला नाही.

त्या थोडक्या मतांनी निवडून आल्या आणि मी त्यांचं आमदारकीचं ऑफिस सांभाळू लागले. विधानसभेत बाकीचे भाषणाची वेळ मागत, अक्का विधेयकाची प्रत मागत. घरी आणून पेन्सिलीने खुणा करत. अधिकारी अमुक करू शकेल, असं कुठे दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. "करू शकेल म्हणजे करणार नाही. करील असं लिहा." एका मंत्र्यांनी त्यांना हसत विचारलं होतं, की तुम्ही सभागृहात आलात की कोर्टात? अक्का म्हणाल्या, "इथं नीट लिहिलं तर लोकांना तिथं जायला लागत नाही, साहेब." मंत्र्यांनी पुन्हा त्यांची थट्टा केली नाही. दुरुस्त्या मात्र बहुतेक फेटाळल्या जायच्या, आणि अक्का पुढच्या विधेयकासाठी पेन्सिल तासायला घ्यायच्या.

आणि मग आमच्या सोसायटीच्या भिंतीचं प्रकरण आलं.

बंगळुरूत एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारे जुने मोठे नाले आहेत. त्यांना इथे राजकालुवे म्हणतात. आमच्या बिल्डरने असाच एक नाला बुजवून त्यावर कंपाउंडची भिंत घातली होती आणि भिंतीच्या आत बॅडमिंटनचं कोर्ट आणि मुलांची घसरगुंडी. फ्लॅट विकून तो मोकळा झाला. भिंतीपलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती होती, कपड्यांच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची. पाऊस झाला की पाणी भिंतीला अडून वस्तीत शिरायचं. एका वर्षी तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला दारावर झोपवून, ते दार चौघांनी खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. अक्का तेव्हा तिथे गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या. मोजणी झाली, भिंत नाल्यावरच आहे हे ठरलं, नोटीसही निघाली. पण निवडणूक जवळ आली होती, आणि आमच्या रस्त्यावर सोसायट्यांची मतं रग्गड. पक्षाचे लोक येऊन सांगून गेले, की अक्का, भिंत कुठे पळून जात नाही, निवडणुकीनंतर बघू. अक्का म्हणाल्या, "पाऊस निवडणूक बघून येतो काय?" पुढच्या वेळचं तिकीट धोक्यात येईल, असं त्यांना स्पष्ट बजावण्यात आलं. मलाही भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. लिफ्टमध्ये शेजारी माझ्याशी बोलेनासे झाले होते. माझा मुलगा त्याच बॅडमिंटन कोर्टवर खेळायचा.

सोसायटीने अक्कांना क्लबहाउसमध्ये बोलावलं. त्यांनी पाडकामाला स्थगिती मागणारं एक पत्र द्यावं, एवढंच मागणं होतं. आमचे अध्यक्ष भागवत मूळचे पुण्याचे. मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारे. अक्कांची ती सवय त्यांनी माझ्याकडूनच ऐकली होती. सगळे बसल्यावर ते मराठीत म्हणाले, "अक्का, तुम्ही आपली माणसं. तुमचाच नियम आहे ना, आधी समोरच्याची बाजू मांडायची? मग आज आमची बाजू तुम्ही मांडा."

टाळ्या पडल्या. अक्का उठल्या, पदर खोचला आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलू लागल्या. माणसं आयुष्यभराचं कर्ज काढून घर घेतात. बिल्डरने मंजूर नकाशा दाखवला, त्यावर शिक्के होते, बँकेनेही तपासला. मग चूक कुणाची, आणि शिक्षा कुणाला? ज्यांनी शिक्के मारले ते निवृत्त होऊन गावी बसले. ज्याने नाला बुजवला तो दुसरीकडे नवे टॉवर बांधतोय. पाडायला सापडलं कोण, तर ज्याने विश्वास ठेवला तो. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. मागच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. भागवत माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, की आम्हालाही इतकं छान मांडता आलं नसतं.

अक्का पाणी प्यायल्या आणि भागवतांकडे पाहून मराठीत म्हणाल्या, "ही तुमची बाजू. यातला शब्दन् शब्द खरा आहे. बिल्डरवर केस घाला. आमदारकी गेली की मीच चालवतो, फी नको. पण पाण्याला खरेदीखत वाचता येत नाही, भागवत. भिंत सोमवारी निघेल." तेच त्यांनी इंग्रजीत आणि कन्नडमध्येही सांगितलं, कुणाचा गैरसमज नको म्हणून.

मग व्हायचा तो गोंधळ झाला. कुणीतरी मतांची आठवण करून दिली. अक्का चपला घालत म्हणाल्या, की मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, ते विचारायला मी आलेली नाही. सोमवारी भिंत निघाली. अक्का दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या. घसरगुंडीला धक्का लागू नये म्हणून ती त्यांनी आधी उचलून पलीकडे ठेवायला लावली.

पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. अक्का अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. वस्तीतली मतं त्यांना मिळाली, पण तेवढी पुरेशी नव्हती. आमच्या सोसायटीच्या केंद्रावर तर आकडा बघवत नव्हता. मतमोजणी संपल्यावर मी गाडीत ढसाढसा रडले. अक्का वैतागल्या. "रडतीस काय? मेलेलं कोण आहे इथं?" दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्या कोर्टात हजर होत्या. कोट जुना झाला होता आणि थोडा घट्टही.

महिन्याभराने भागवत आले. खाली मान घालून त्यांनी विचारलं, की त्या केसबद्दल बोलला होतात, ते अजून...? अक्कांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. वकीलपत्र पुढे सरकवलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

त्या वर्षी पाऊस धो धो कोसळला. एका सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं, तर जिथे भिंत होती तिथून तांबडं पाणी घोंघावत तळ्याकडे निघालं होतं. शेजारी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढत होते. वस्तीतल्या बायका नेहमीसारख्या डबे घेऊन कामाला निघाल्या होत्या. मी अक्कांना फोन लावला.

"पाणी कुठं तुंबलं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, अक्का."

त्या म्हणाल्या, "सरी, बरं झालं. येताना भागवतांना गाडीत घेऊन ये. त्यांची तारीख आहे आज."

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. पोटाचा कर्करोग होता, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत कुणाला कळू दिला नव्हता. आईनंतर इतकी पोरकी मी त्याच दिवशी झाले. बिल्डरचे वकील तारखांवर तारखा मागत राहिले. मी मध्येच कंटाळेन, असं त्यांना वाटत असावं. वकीलपत्र आता माझ्या नावावर आहे. पुढच्या तारखेला बिल्डर साक्षीला उभा राहणार आहे, आणि त्याची उलटतपासणी मी घेणार आहे.