टोकाच्या बांधीचं पाणी

माझ्या एकुलत्या एका पुस्तकाचे गठ्ठे दिवाणाखाली पडून होते आणि घर झाडताना दर वेळी झाडूला लागत होते. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. पुस्तक आमच्या गावच्या तलावावर होतं. गाव केशोरीच्या बाजूला, धानाचं. तलाव वाडवडिलांनी बांधलेला आणि त्याचं पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, वाटून द्यायला गावानं नेमलेला पाणकर. मी गोंदियाला कॉलेजात शिकवत होते. एका वर्षी सुट्ट्यांमध्ये गावी जाऊन त्या पाणकर काकाजींच्या मागं मागं तलावाच्या पारीवरून, त्या मातीच्या बांधावरून, हिंडले, वह्या भरल्या आणि त्यांचं पुस्तक केलं. प्रकाशन झालं, हारतुरे झाले, फोटो झाले. वाचलं मात्र कोणी नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि मी मनातल्या मनात सगळ्या महाराष्ट्राला अडाणी ठरवून मोकळी व्हायचे.

पुण्यात नोकरी करणारी माझी धाकटी बहीण एकदा फोनवर म्हणाली, "ताई, वाचक काय तुझ्या दिवाणाखाली येऊन बसणार आहेत? ब्लॉग काढ."

तिनं धडेच दिले. सगळं पुस्तक एकदम ओतायचं नाही, आठवड्याला एक तुकडा टाकायचा. वार ठरलेला हवा. शेवटी वाचकाला काहीतरी विचारायचं. कोणी दोन शब्द लिहिले तरी उत्तर द्यायचं. आणि 'विकत घ्या' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. मी फणकारले. लेखकानं आपल्याच पुस्तकाची दवंडी पिटायची म्हणजे काय? असं म्हणाले खरी, पण पुढच्या शनिवारी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. कॅफेवाले भाईसाहेब माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, फोटो बड़ा डालो. इतना सारा लिखा हुआ कौन पढ़ेगा?" मी तलावाचा मोठा फोटो टाकला.

आणि वाचलं की हो लोकांनी! दुबईहून कोणी लिहिलं, आजोळ साकोलीकडचं आहे म्हणून. कोल्हापूरच्या एका शिक्षिकेनं वर्गात वाचून दाखवलं. त्यातले काही पुस्तकही मागवू लागले. शनिवारची मी कधी नव्हे ती वाट पाहू लागले. घरी नवरा म्हणायचा, "कॅफेत जाताना साडी बदलून जातेस, हे त्या वाचकांना दिसतं का?"

सगळ्यात गाजला तो पाणीवाटपाचा तुकडा. मी लिहिलं होतं की पाट उघडला की पाणी आधी तलावालगतच्या बांध्यांत शिरतं, त्या भरल्या की पुढच्या, असं करत करत टोकाच्या बांधीपर्यंत जातं. वाक्य लांब होतं, पाण्यासारखं वाहत जाणारं. मी स्वतःच त्याच्या प्रेमात होते. खाली विचारलं होतं, "तुमच्या गावात पाणी आधी कोणाला मिळतं?" उत्तरं येतच राहिली. लोकांनी तो तुकडा एकमेकांना पाठवला. हळूहळू हातोहाती इंटरनेटचे मोबाईल आले आणि तो फिरत फिरत आमच्या गावातही पोचला. मला हे कळलं तेव्हा मी पेढे आणले होते.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. धान पोटरीवर आलेलं. एका सकाळी काकाजींचा फोन आला. त्यांनी याआधी मला कधीच फोन केला नव्हता.

"पोरी, तू काय लिवून ठेवलं बाप्पा? इथं लोकं मोबाईल दाखवून राहिले मले."

मी रविवारची पहिली बस धरली. बसमध्ये जुनी वही काढून बघितली. ज्या वर्षी मी काकाजींच्या मागं हिंडले होते त्या वर्षी तलाव तुडुंब होता. मी पाहिलं तेच लिहिलं होतं. पण त्याच पानाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात होतं, 'कमी पाण्यात उलट? विचारणे.' ते विचारायचं राहून गेलं होतं.

पारीवर गाव जमलं होतं. तलावालगत ज्यांच्या बांध्या, त्या एका शेतकऱ्यानं मोबाईल वर धरला होता आणि त्यावर मी टाकलेला तलावाचा तो मोठा फोटो होता.

"घ्या, मॅडमच आल्या," ते म्हणाले. "पुस्तकात छापून हाये, इंटरनेटवर हाये. पयले लगतच्या बांध्या. मंग हा पाणकर काऊन म्हनते टोकापासून?"

काकाजी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "भरल्या सालात कसंबी द्या. कमती पान्यात टोकाले पयले. माह्या बापाच्या आधीपासून हेच हाये. लगतच्याले कायले घाई? त्याच्या धुऱ्यावरूनच, बांधावरूनच तं पानी जाऊन राहते, त्याले कवाबी भेटते. टोकाले मागं ठेवलं तं त्याच्यापर्यंत पोचतच नाई."

टोकाच्या बांध्यांची माणसं बाजूला उभी होती. आणखी आठ दिवस पाणी मिळालं नाही तर त्यांच्या लोंब्या फोल जाणार होत्या, आणि त्या माझ्या वाक्यामुळं जाणार होत्या.

"काकाजी बरोबर आहेत," मी म्हणाले. "पुस्तक चुकलं आहे."

"छापलेलं कसं चुकन?"

"मी लिहिलं म्हणून चुकलं!" मी ओरडलेच. "मी एकच वर्ष पाहिलं, यांनी जन्म काढला इथं." पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि सगळ्यांसमोर पेनानं त्या वाक्यावर काट मारली. ते गृहस्थ काहीबाही पुटपुटले, पण मोबाईल खिशात गेला. काकाजी तुडुमाच्या, तलावातून पाणी सोडायच्या जागेच्या, दगडी पायऱ्या उतरले, पाण्याखालची खुंटी उपसली, आणि पाणी टोकाकडं निघालं.

मग ते माझ्याजवळ येऊन बसले. पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"चांगलंच असन," ते म्हणाले. "मले कोनी वाचून दाखवलं नाई अजून."

मला तोंड लपवावंसं वाटलं. दुबईला पोचले, कोल्हापूरला पोचले, आणि ज्यांच्या तोंडचं सगळं पुस्तक होतं त्यांच्या ओसरीवर मी ते घेऊन कधी गेले नव्हते. त्या दुपारी पहिल्या पानापासून वाचलं. ते मधेच थांबवायचे, "हे असं नाई, पोरी," आणि मी तिथंच समासात दुरुस्ती करायची.

बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दुरुस्ती वेगळी टाकलीस तर कोणी बघणार नाही. त्याच तुकड्याच्या डोक्यावर लाव." तसं केलं. ते गाजलेलं वाक्य खोडून ठेवलं, आणि दिवाणाखालच्या उरलेल्या प्रत्येक प्रतीतही निळ्या शाईनं खोडून बाजूला काकाजींचं म्हणणं लिहिलं. आजही कोणी पुस्तक मागवलं की तीच प्रत जाते आणि लोक कौतुकानं कळवतात की लेखिकेच्या हातचं अक्षर मिळालं. मी दर वेळी ती शाई कशाची ते सविस्तर लिहिते.

त्या वर्षी टोकाच्या बांध्या पिकल्या. माझं पुस्तक असूनही पिकल्या.