पलीकडच्या टोकाला

आम्हाला उतरवून झालं की अण्णा जीपच्या बॉनेटवर पालथा हात ठेवायचे, आमच्या पाठीवरच्या पिशव्यांवरून एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "जावा. म्होरं हाय मी." बस्स, एवढंच. सांभाळून जा नाही, जपून या नाही. आम्ही आठजण तंबू पाठीला मारून खडकांकडे चालू लागायचो आणि मागं जीप वळल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या टोकाला बाहेर पडलो की हा माणूस तिथं उभा असायचाच.

आम्ही आठजण म्हणजे कुणी गिर्यारोहक वगैरे नव्हे हं. मी बेळगावात एका हायस्कुलात गणित शिकवते. आणखी चार शिक्षक, दोघं बँकेतले आणि एक वकील. दर डिसेंबरात शनिवार-रविवारला एक रजा जोडून आम्ही कारवारच्या खाली जातो. तिथं एक किनारा असा आहे, की मोठा रस्ता डोंगराच्या पलीकडून निघून जातो आणि समुद्राकडे उतरायला फक्त दोन टोकांना वाट आहे. मधे सगळा काळा कातळ, एक खोल घळ आणि समुद्रात लांबवर घुसलेले खडप, म्हणजे खडकांचे सपाट पट्टे. घळीतून गोड्या पाण्याचा ओढा येतो, त्याच्या तोंडाशी मूठभर वाळू आहे. तिथं तंबू ठोकायचे, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली की खडपांवरून चालत पलीकडे जायचं. भरतीला ती वाट पाण्याखाली असते. ओहोटी दुपारची पडेल असा शनिवार-रविवार शोधून तिची वेळ काढायचं काम माझ्याकडे. गणिताच्या बाईला दुसरं कोण काय देणार?

आणि अण्णा निपाणीचे वडापवाले. वडाप म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगते. एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं जिच्यात कोंबून कोंबून भरतात ती जीप. माझं माहेर निपाणीचं, त्यामुळे त्यांच्या जीपमध्ये मी कॉलेजात असल्यापासून बसत आले. आधी ते तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूचे अवजड गठ्ठे, उचलायचे. पाठ गेली तेव्हा होतं नव्हतं ते घालून त्यांनी ही जुनी जीप घेतली. ती त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. धुवायलासुद्धा नाही.

आम्ही चालत जायचो ते अंतर म्हणाल तर थोडं. पण गाडीला मात्र डोंगर चढून, पलीकडे उतरून, चांगला चाळीस किलोमीटरचा वळसा पडायचा. तो वळसा मारून अण्णा आदल्या दिवशीच पलीकडच्या टोकाला जाऊन बसायचे. पहिली अकरा वर्षं त्यांनी आम्हाला त्या किनाऱ्यावर नेलं आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी किनाऱ्याची फक्त दोन टोकं बघितली. मधलं काही नाही. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, हे आता लिहितानाही मला बरं वाटत नाही.

आम्ही आलो की स्टोव्हवर चहा उकळत असायचा. चहाचा पेला हातात देता देता अण्णा प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारायचे, "काय दिसलं?" दमलेला माणूस काय सांगणार? छान होतं अण्णा, म्हणायचा. तेवढ्यावर सुटका नव्हती. "छान म्हंजे कसं, त्ये सांगा की." मग कुणी घळ सांगायचं, कुणी ओढा सांगायचं. मी एकदा त्यांना खडपातल्या डबक्यांत दिसणारी समुद्रफुलं सांगितली होती. दिसायला फूल, पण जिवंत. बोट लावलं की मिटून जातं. अण्णांनी ते दोनदा विचारून घेतलं, मिटल्यावर परत उघडायला किती वेळ लागतो तेसुद्धा. मी मनात म्हटलं, काय चिकट माणूस आहे!

नंतर एकदा उन्हाळ्यात मी कोगनोळीला एका लग्नाला जाऊन आईकडे निघाले होते. तिथून निपाणीला येणारी अण्णांची जीप मिळाली. मागच्या बाकावर जागा होती, तिथं बायकांच्या गठुड्यांमागं मी बसले. पुढं विड्या वळणाऱ्या चारपाचजणी होत्या आणि अण्णा त्यांना समुद्र सांगत होते. घळीत सरळ उतरता येत नाही, बसून बसून उतरावं लागतं. खडपावर शेवाळ असतं, तिथं टाच टेकायची नाही. डबक्यात फुलं असतात, मी बोट लावलं तशी मिटली. "मी" म्हणत होते ते. माझं फूल, वकिलांचं शेवाळ, बँकवाल्यांची घळ, सगळं जोडून त्यांनी आपलं केलं होतं. फक्त एक गफलत झाली होती. आमच्यापैकी कुणी घळ डावीकडे सांगितली होती, कुणी उजवीकडे, म्हणून अण्णांच्या समुद्राला दोन घळी होत्या. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मलाही खरं तर हसूच येत होतं, इतक्यात आरशात अण्णांची आणि माझी नजर मिळाली.

बायकांनी विचारलं, मग पुढं काय झालं ओ अण्णा? त्यांनी उगीच हॉर्न वाजवला.

स्टँडवर सगळे उतरून गेल्यावर मी पुढं गेले. अण्णा स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "बाई, चुकलं माझं."

"चुकलं काहीच नाही. फक्त घळ एकच आहे, अण्णा. दोन नाहीत."

"एकच?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मग ती डाव्या अंगाला का उजव्या?"

वीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढणारी मी, पण ते मला सांगता येईना. म्हटलं, तुम्हीच एकदा बघून सांगा. ते हसले. "आनि गाडी कोण आणणार म्होरं?"

"मी," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

तेव्हा मला स्कूटीशिवाय काही येत नव्हतं आणि वय होतं सत्तेचाळीस. दर रविवारी मी बेळगावहून निपाणीला जायची आणि गावाबाहेरच्या माळावर अण्णा मला ते जीपचं धूड चालवायला शिकवायचे. आईनं गल्लीभर करून टाकलं, पोरगी पन्नाशीला आली नि वडाप चालवायला लागली! अण्णा शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबायचे. एकदा मी गाडी बांधावर घातली, तरी हूं की चूं नाही. थोड्या वेळानं मला विचारलं, पोरांनी गणित चुकवलं की तुम्ही ओरडता का. म्हटलं, ओरडते की. "मी वरडत न्हाय. पर जीप वरडतीया बगा." लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी नापास झाले. ही बातमी नववी 'ब'पर्यंत कशी पोचली ते मला अजून कळलेलं नाही.

त्या डिसेंबरात अण्णांनी नवे कॅनव्हासचे बूट घेतले. निघायच्या जागी जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या, मला गिअरबद्दल, हँडब्रेकबद्दल, उताराबद्दल तेच ते चारदा सांगितलं. किल्ली माझ्या हातात ठेवली, परत घेतली, परत ठेवली. मग माझीच पिशवी पाठीला लावून ते सगळ्यांच्या मागून चालायला लागले. खडकाच्या वळणावर त्यांनी एकदा वळून जीपकडे बघितलं. माझ्याकडे नव्हे, जीपकडे.

घाटात गाडी दोनदा बंद पडली. मागच्या ट्रकवाल्यानं माझा उद्धार केला तो कन्नडमध्ये, म्हणजे त्याला वाटलं असणार मला कळणार नाही. पण पोचले. रात्री कोळ्यांच्या वस्तीत एका घरी झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्या टोकाला उभी राहिले.

तोपर्यंत माझी अशी समजूत होती की आम्ही चालतो तेव्हा अण्णा आराम करतात. कसला आराम! खडक जिथं समुद्रात वळतो तिथून नजर हलत नाही. चहाचं पाणी ठेवायला वाकलं तरी वाटतं, तेवढ्यात कुणी दिसलं तर? दर वेळी चारच्या आत बाहेर पडणारी माणसं साडेचार झाले तरी येईनात. ओहोटीची वेळ मीच काढलेली, ती चुकली तर नाही ना म्हणून मी वाळूवर परत मांडून बघितली. पाच वाजत आले. पाणी फिरलं होतं, भरती सुरू झाली होती. अकरा वर्षं हा माणूस इथं असा उभा राहिला आणि आम्ही त्याला "छान होतं" एवढं सांगायचाही कंटाळा केला. मला माझी फार लाज वाटली.

मग एकेक करून सातजण वळणावरून आले. सगळ्यांत मागं अण्णा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नवे बूट नाडीनं गळ्यात अडकवलेले, एका नडगीवर खरचटलेलं. उशीर त्यांच्याचमुळे झाला होता. ते डबक्यापाशी बसले की उठतच नव्हते म्हणे. ते जीपच्या शेजारून गेले आणि त्यांनी जीपकडे ढुंकूनही बघितलं नाही.

चहा देताना मी विचारलं, "काय दिसलं, अण्णा?"

"सांगाया येत न्हाय, बाई."

वकिलांनी मुद्दाम छेडलं, मग घळ डावीकडे का उजवीकडे? "आपण कुटं हुबं हाय त्येच्यावर हाय," अण्णा म्हणाले. मी त्यांना शंभरपैकी शंभर दिले.

आई सांगायची, त्यानंतर वडापमधल्या गोष्टी बंद झाल्या. बायका विचारायच्या, तर अण्णा जाऊन बघा, म्हणायचे.

पुढच्या वर्षी ते परत गाडीवर आणि मी परत चालायला. पलीकडे पोचलो तेव्हा चहा होता, अण्णा होते, पण त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पयलं बरं हुतं. ठावं नव्हतं तवर बसून ऱ्हायाचो. आता हितं बसवत न्हाय." आपण या माणसाचं भलं केलं म्हणून मी वर्षभर मिरवत होते. तिथंच आम्ही ठरवून टाकलं. एक वर्ष त्यांनी चालायचं, एक वर्ष मी. राहील त्यानं गाडी आणायची.

असे ते एकूण तीनदा चालले. माझ्या गाडीच्या वर्षी माझाही जीव तिकडंच असायचा, खोटं कशाला बोलू? आणि त्यांच्या गाडीच्या वर्षी ते टोकाला थांबेनासे झाले. जीपला कुलूप घालून खडकांवरून आम्हाला सामोरे यायचे. आधी पहिल्या खडकापर्यंत, नंतर पार वळणापर्यंत. ज्या माणसानं गाडी धुवायला दुसऱ्याला दिली नाही, तो गाडी सोडून अर्धा तास लांब उभा असायचा.

यंदा आषाढात आईचा फोन आला. वडाप भरायची वाट बघत अण्णा आपल्या सीटवर बसले होते, तिथंच छातीत कळ आली आणि खेळ संपला. मी तिसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या बायकोशी माझं आजवर चार शब्दांपलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "औंदा त्येंची पाळी हुती न्हवं, बाई? उन्हाळ्यापास्नं सांगत हुते."

जीप विकली गेली. या डिसेंबरला आम्ही दुसरी गाडी केली, ड्रायव्हरसकट. म्हणजे आता पाळीचा प्रश्नच नव्हता, आठही जणांनी खुशाल चालावं. सगळे तसंच धरून होते. निघायच्या जागी मी पिशवी पाठीला लावलीसुद्धा. मग उतरवली आणि गाडीत ठेवली. म्हटलं, या वर्षी चालायची पाळी माझी नाही. कुणी वाद घातला नाही.

मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून तो वळसा मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी टोकाला उभी राहिले, चहा ठेवला. चारच्या आत सातजण आले. चहा झाला, पिशव्या टपावर चढल्या. ड्रायव्हर किल्ली लावून म्हणाला, सगळे आले न्हवं मॅडम, निघायचं का?

"थांबा थोडं," मी म्हटलं.

ते सगळ्यांनी ऐकलं. गाडीत कुणी चढलं नाही. वकिलांनी बूट काढले आणि ते वाळूवर बसले, मग बाकीचेही बसले. पाणी चढायला लागलं होतं. एकेक खडप बुडत गेला. वाट पुरती पाण्याखाली गेली, त्या बाजूनं आता कुणाला येताच येणार नव्हतं, तेव्हा मी उठले आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला.