दुपट्ट्याखालचा हात

डॉक्टरांनी 'पार्किन्सन्स' म्हटलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "मग सौदे कसे करू?" त्यांना काहीच कळलं नाही. आमच्याकडे जुने लोक संत्र्याचा बहार, म्हणजे झाडावरचं अख्खं पीक, हातांवर दुपट्टा टाकून त्याखाली विकतात. व्यापारी बोटं दाबून भाव सांगतो. आपण त्याचा पंजा घट्ट धरला की सौदा पक्का, मग माघार नाही. आणि माझा हात तर आपोआप थरथरत होता.

मी पांढुर्ण्यातला नामी चेंगट. मी चप्पल निवडेपर्यंत दुकानदार जेवून यायचा.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा नागपूरला 'डीबीएस' केलं. म्हणजे मेंदूत बारीक तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी. वीज सुरू झाली अन् हात दगडासारखा स्थिर! मी वॉर्डभर तो मिरवला.

घरी आल्यावर बायको, कमल, "चहा घेता का" म्हणायच्या आत कप माझ्या हातात असायचा. आधी ती हसली. मग म्हणाली, "अवो, तुमच्यात दुसरंच कोणी बसून राहिलं."

रामाकोन्याच्या आमच्या बगीच्यात सावरगावचा व्यापारी आला. हातांवर दुपट्टा पडला. मी त्याचं पहिलं बोट समजून घेत होतो, तोच माझ्या हातानं त्याचा पंजा आवळला.

"भाऊ, आज इतक्या लवकर?" पाडून सांगितलेला पहिलाच भाव पक्का झाल्यानं तोच चक्रावला. मी दुपट्ट्याकडे बघत राहिलो. खाली कोणाचा तरी हात होता. वर्षाचा बहार मातीमोल गेला.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूत 'सबथॅलॅमिक न्यूक्लियस' असतो, ब्रेकच समजा. निवड अवघड असली की तो 'थांब' म्हणतो, तेवढ्यात मेंदू नीट तोलून घेतो. आमच्या विजेनं थरथर गेली, पण ब्रेकही ढिला झाला."

"मग सौदा कोणी केला?"

"तुम्हीच. फक्त तुम्ही पोचायच्या आधी."

वीज कमी करू का, थरथर थोडी परतेल, असं त्यांनी विचारलं. मी लगेच "हो" म्हणून गेलो. हे 'हो' तरी कोणाचं?

"उद्या सांगतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हो"च म्हणालो, पण चेंगटासारखं, चहा गार होईपर्यंत थांबून.

तुमच्या डोक्यात अशा तारा असतील तर एवढंच करा: घरच्यांना सगळं सांगा, डॉक्टरांपासून काही लपवू नका, आणि मोठा निर्णय एक झोप काढूनच घ्या.

पुढच्या बहाराला दुपट्ट्याखाली माझा हात थरथरला.

"ठरवून राहिले का, भाऊ?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"थांब न बाप्पा!" त्या थरथरीचे मी मनातून आभार मानले.

कधी कधी मात्र दुपारी पडल्या पडल्या माझी बोटं चादरीखाली कोणाचा तरी पंजा घट्ट धरतात. कमल हळूच ती सोडवते. काय विकलं, ते आम्ही दोघंही विचारत नाही.