चार जीबीच्या पुढची मेमरी

सत्यवती मॅडम पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेल्या. पुण्याहून हैदराबादला आलेली मी नवी मुलगी, टीममध्ये मराठी बोलणारी एक बाई दिसली म्हणून आनंदाने ‘ताई’ अशी हाक मारली, तर ही बाई मान वर न करता म्हणते, “ताई घरी. इथं काम दाखव.” घ्या! तेव्हापासून मीही मॅडमच म्हणायला लागले. मनातल्या मनात जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या हैदराबादच्याच तारनाक्याच्या. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडीतलं. आजोबा निजामाच्या काळात इकडे आले आणि वडील रेल्वेत चिकटले. गणितात एम.एस्सी. करून मॅडम आबिड्सच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये वर्षानुवर्षं शिकवत होत्या. मग बाजार उघडला, परदेशी कंपन्या आल्या, क्लासची पोरं अमेरिकेला गेली, क्लासला टाळं लागलं, आणि चाळिशीला टेकल्यावर या बाई आमच्या बेगमपेठच्या ऑफिसात टेस्टर म्हणून लागल्या. त्यांनी शिकवलेली पोरं त्यांच्या वरच्या खुर्च्यांवर बसत होती. त्याचा राग त्यांनी कधी गिळला नाही, आल्यागेल्यावर काढला. डबा खाताना शेजारी कुणी बसलं तर उठून जायच्या.

आमचं सॉफ्टवेअर खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवायचं, आणि आतल्याला आपण खोटे आहोत याचा पत्ता लागता कामा नये. प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक जागेला एक पत्ता देतो. साध्या पद्धतीत ते पत्ते चार जीबीपाशी संपतात. त्याच्या पुढच्या मेमरीसाठी प्रोसेसरमध्ये वेगळी सोय असते. ती सोय आतल्या खोट्या कॉम्प्युटरलाही तशीच्या तशी मिळते का, हे तपासायचं काम मॅडमचं. त्यांची रीत साधी होती. प्रत्येक जागेत तिचा स्वतःचा पत्ता लिहायचा आणि सगळं लिहून झालं की पहिल्यापासून वाचत यायचं. नव्या कॉलनीतल्या घरांना पुन्हा एकपासून नंबर दिले, तर तिकडची पत्रं जुन्या वस्तीत पडणार. तसा घोटाळा होतोय का, ते या रीतीने पकडता यायचं.

दोन हजार तीन सालची गोष्ट. टीम लीडची जागा मॅडमच्या हातून आधी दोनदा निसटली होती. या वेळी आमच्या मॅनेजरने, उदयने, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे व्हर्जन ठरल्या तारखेला बाहेर पडलं की जागा सत्यवती मॅडमची. मॅडम ‘हौ’ म्हणाल्या, बस्स. पण त्या आठवड्यात त्या दोनदा हसल्या. मी स्वतः पाहिलं.

आणि नेमकी टेस्ट नापास झाली. चारच्या पुढे लिहिलेलं अगदी खालच्या पत्त्यावर येऊन पडत होतं. आता ही बाई गप्प बसेल, असं मला वाटलं. शहाणं माणूस बसलंच असतं. तारीख निघून जाऊ द्यायची, खुर्चीवर बसायचं, मग शोध लागल्यासारखं करायचं. छे! बाईंनी अमेरिकेतल्या हेड ऑफिसपर्यंत सगळ्यांना मेल ठोकला, वर चूक चिन्मयच्या कोडमध्ये आहे असं त्याचं नाव घेऊन लिहिलं.

चिन्मय आमच्याच पुण्याचा, आणि स्वतःच्या कोडच्या बाबतीत आपला तो बाब्या. तो उसळला. म्हणाला, या बाईंना माणसं खाली पाडायचाच छंद आहे, मेमरीची पट्टी खराब असणार. उदयने लगेच मान डोलावली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला पट्टी खराब असलेलीच परवडते. चिन्मयने टेस्टच्या मोठ्या मशीनमधल्या संशयाच्या पट्ट्या काढून नेल्या आणि उदयने मला टेस्ट परत चालवायला सांगितली. मी चालवली. सगळं हिरवं आलं. मी पासचा मेल पाठवला. उदयने उत्तरात शाबासकी दिली.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. चिडलेल्या नव्हत्या, चिडलेल्या परवडल्या असत्या. मला आणि उदयला घेऊन त्या मोठ्या मशीनपाशी गेल्या आणि झाकण उघडलं. निम्म्या खाचा रिकाम्या. उरलेली मेमरी चारच्या आत होती, म्हणून चारच्या पुढची टेस्ट चाललीच नव्हती. आणि न चाललेल्या टेस्टला आमचा प्रोग्राम हिरवाच रंग द्यायचा.

“काय तपासलंस गं पोरी?” मॅडम म्हणाल्या. “नसलेली मेमरी?”

पट्ट्या कुठे होत्या? चिन्मयच्या स्वतःच्या मशीनमध्ये. खराब म्हणून नेलेल्या पट्ट्यांवर साहेबांचं काम सुसाट चाललं होतं. मॅडम सरळ तिकडे गेल्या. तो टाइप करत असतानाच त्यांनी मागून वायर उपटली आणि पट्ट्या काढायला लागल्या. चिन्मयचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं. तो किंचाळायला लागला, उदयही ओरडला. मॅडमनी पट्ट्या ओढणीत धरल्या आणि चालत्या झाल्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू, आणि आपण अशा का नाही याचाही आला.

त्याच पट्ट्यांवर टेस्ट पुन्हा नापास झाली. चिन्मयने आठवडाभर खपून चूक दुरुस्त केली, पण तारीख हुकलीच. व्हर्जन गेल्यावर बिर्याणी मागवली, भाषणं झाली, आणि अवघड चूक दुरुस्त केल्याबद्दल ट्रॉफी चिन्मयला मिळाली. चूक आली कुठून, हे कुणी विचारलं नाही. मॅडमचं नाव भाषणात आलंच नाही.

लीडची जागा उदयने मला दिली. सगळ्यांना सांभाळून घेणारं माणूस हवं, असं म्हणाला. मी हो म्हटलं. हो न म्हणायला काय झालं होतं? मी काही मागायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून मॅडमच्या टेबलाशी गेले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काहीतरी ऐकवतील, म्हटलं ऐकून घेऊ. पुढची टेस्ट त्यांनी केव्हाच लावली होती. काम थांबवून त्या माझ्याकडे वळल्या.

“तुलाच द्यायला पाहिजे होती,” त्या म्हणाल्या. “तुला नाही म्हणता येत नाही. त्यांना तेच लागतं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांना सडेतोड उत्तर द्यायचं, अगदी आत्ताच्या आत्ता द्यायचं, म्हणून मी खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात उदयने काचेच्या केबिनमधून बोटाने खूण केली. मी तशीच उठले आणि गेले.